गाणी वामनदादांची, रीत कोणाची?

एप्रिल उजाडला की आमच्या टेबलावर निमंत्रणपत्रिकांचा ढीग पडतो. भीम महोत्सव, भीमगीत महोत्सव, प्रबोधन पर्व, बुद्ध-भीमगीतांचा जंगी सामना! गावे वेगळी, वॉर्ड वेगळे, मंडळे वेगळी. एकाच वॉर्डात दोन मंडळे असतील तर त्यांच्यात बोलणेसुद्धा नसते. पण कार्यक्रमाला जाऊन बसा. तोच निळा प्रकाश, तोच एलईडी पडदा, कीबोर्डवर वाजणारी तीच सुरुवात आणि त्याच दहा-बारा गाण्यांचे तेच मुखडे. यंदा आम्ही जयंतीच्या पंधरवड्यात चार ठिकाणी जाऊन आलो. चौथ्या ठिकाणी तर पुढचे गाणे कोणते येणार, हे आमच्या शेजारी बसलेला शाळकरी मुलगा गायकाच्या आधी सांगत होता.

आम्ही हे चेष्टेने लिहीत नाही. त्या दहा-बारा गाण्यांत निम्मी गाणी लोककवी वामनदादा कर्डक यांची असतात, म्हणून लिहितो. ज्या माणसाने आयुष्यभर गावोगाव फिरून नवे गाणे दिले, त्याच्या गाण्यांचा आज छाप्याचा साचा झाला आहे. हे कसे झाले, ते समजून घ्यायचे तर दादांचे आयुष्यच पुन्हा एकदा समोर ठेवले पाहिजे. नव्या पिढीला दादांचे गाणे पाठ आहे, दादा ठाऊक नाहीत.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. गाव देशवंडी, तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक. हा जिल्हा लक्षात ठेवा. १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा वामन सात वर्षांचा होता. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा तो तेरा वर्षांचा. याच नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डकांचा जलसा उभा राहिला आणि रात्री-बेरात्री खेड्यापाड्यांतल्या वस्त्यांवर बाबासाहेबांचा विचार पोचवू लागला. सत्यशोधक जलशांनी जी वाट पाडली होती, तिच्यावरून आंबेडकरी जलसे चालत आले. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या समाजाचे ते वर्तमानपत्र होते. महाडला काय घडले, गोलमेज परिषदेत काय झाले, मेलेली गुरे ओढायची नाहीत ती का, हे आमच्या आजोबा-पणजोबांना डफ-तुणतुण्यावर कळले.

वामन मात्र शाळेत गेला नाही. वडील लवकर गेले. घरात मोलमजुरी. पोट भरायला मायलेक मुंबईत आले आणि शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत त्यांनी बिऱ्हाड मांडले. मग या पोराने काय नाही केले? गिरणीत राबला, कोळशाच्या वखारीत काळा झाला, मातीच्या पाट्या वाहिल्या, चिक्की विकली, आईसफ्रूटची पेटी खांद्यावर घेतली. सिनेमाचे वेड होते म्हणून एक्स्ट्राची कामेही केली. समता सैनिक दलात गेला आणि तिथे पोरांना लेझीम शिकवू लागला.

त्याच काळात एक प्रसंग घडला, तो चळवळीतल्या प्रत्येकाने ऐकला असेल. कोणीतरी एक कागद पुढे केला आणि वाचून दाखवायला सांगितले. वामनला अक्षर येत नव्हते. लेझीम शिकवणारा, चारचौघांत मान असलेला हा तरुण त्या कागदापुढे रडवेला झाला. देहलवी नावाच्या मास्तरांनी मग त्याला बाराखडी शिकवली. जोडाक्षरे तो दुकानांच्या पाट्या वाचत शिकला. शिवडी-परळच्या रस्त्यांवर मान वर करून पाट्या लावत चाललेला हा विशीचा तरुण डोळ्यांपुढे आणा. विद्यापीठे पुढे त्याच्या गाण्यांवर प्रबंध लिहून घेणार होती!

अक्षर हाती आले आणि लगेच गाणे आले. १९४३ च्या मे महिन्यात त्यांनी पहिले गाणे रचले. ते भीमगीत नव्हते. एका हिंदी सिनेमाच्या गाण्याचे ते विडंबन होते आणि चाळीत ते खूप गाजले. याच सुमारास नायगावात त्यांनी बाबासाहेबांना पहिल्यांदा पाहिले. विडंबन करणाऱ्या लेखणीने मग वळण घेतले ते कायमचे. पुढची साठ वर्षे ती थांबली नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करू या. जुन्या कार्यकर्त्यांत एक तक्रार नेहमी ऐकू येते की, आजचे भीमगीत सिनेमाच्या चालीवर गेले म्हणून बिघडले. आम्हांला हे पटत नाही. दादांनी स्वतः सिनेमाच्या चाली घेतल्या, कव्वालीच्या घेतल्या, लावणीच्या घेतल्या, बायकांच्या ओवीच्याही घेतल्या. चाल लोकांच्या ओठांवर आधीच असली की शब्द लवकर पाठ होतात, एवढा साधा हिशेब होता. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ या गाजलेल्या चित्रपटात त्यांचेही गाणे होते. सिनेमावाल्यांचे दार त्यांना बंद नव्हते. त्यांनीच त्या दारात मुक्काम केला नाही. तेव्हा चाल कुठली, हा मुद्दा नाही. डीजेलाही आम्ही उगाच शिव्या देणार नाही, पोरांना नाचू द्या. मुद्दा आहे तो शब्दांचा आणि ते शब्द कोणासाठी, कधी लिहिले गेले त्याचा.

दादांच्या गाण्यांचा क्रम लावला तर आंबेडकरी चळवळीचा इतिहास लागतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, दादांचे गाणे आले. दोन महिन्यांच्या आत ६ डिसेंबर आला, समाज पोरका झाला आणि त्या आक्रोशाला शब्द दिले ते दादांसारख्या शाहिरांनी. १९५७ साली रिपब्लिकन पक्ष झाला, दोन वर्षांत फुटला. दादांनी नेत्यांच्या तोंडावर फुटीची गाणी म्हटली. त्यासाठी कोणाची परवानगी मागितली नाही. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, हजारोंनी तुरुंग भरले, गाणे तिथेही होते. टाटा-बिर्लांना आमचा वाटा कुठे आहे म्हणून जाब विचारणारे त्यांचे गाणे आजही कामगार वस्तीत म्हटले की माणसे सावरून बसतात. १९७२ ला पँथर आली. १९७८ च्या जुलैत विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आमची घरे जळाली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे हा लढा चालला आणि सोळाही वर्षे दादा गात होते. त्याखेरीज दारूवर गाणे, अंगात येण्यावर गाणे, नवऱ्याच्या मारावर गाणे, शिकून साहेब झालेल्या आणि वस्ती विसरलेल्या आपल्याच माणसांवर गाणे.

आता या शेवटच्या प्रकारातली गाणी आजच्या महोत्सवात तुम्ही कितीदा ऐकली? बाबासाहेबांच्या गौरवाची गाणी होतात, झालीच पाहिजेत. पण व्यासपीठावर बसलेल्या पाहुण्यांना बोचेल असे दादांचे गाणे यादीतून अलगद गळते. भुकेचे गळते, फुटीचे गळते. कोणी बंदी घातलेली नाही. प्रायोजकाचा फ्लेक्स मागे असताना गायकालाच ते सुचत नाही!

दादांच्या फिरण्याची रीत निराळी होती. खांद्याला झोळी, झोळीत वह्या. गावात आले की कार्यकर्त्याच्या घरी उतरायचे. तिथली भाकरी, तिथले अंथरूण. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकण, कुठेही बोलावणे आले की निघायचे. मानधन ठरवून घेणे त्यांना जमले नाही आणि ज्यांना द्यायला जमले असते त्यांनीही बरेचदा दिले नाही, हे आपण कबूल केले पाहिजे. संसाराचे हाल झाले. पहिला संसार मोडला. मुलगी मीरा लहानपणीच गेली. पुढे शांताबाईंनी साथ दिली. घरात दारिद्र्य आणि बाहेर हजारोंची सभा, असे ते आयुष्य. मागेल त्याला त्यांनी गाणे लिहून दिले. गायकाला दिले, कव्वालाला दिले, गावातल्या हौशी भजनी मंडळालाही दिले. कित्येक गाणी अशी दुसऱ्यांच्या वह्यांत राहिली. पहिले पुस्तक ‘वाटचाल’ १९७३ ला निघाले, म्हणजे पहिल्या गाण्यानंतर तीस वर्षांनी. मग ‘मोहळ’, मग ‘हे गीत वामनाचे’. आत्मकथन ‘माझ्या जीवनाचं गाणं’ आले ते १९९६ ला. १९९३ साली वर्ध्याला आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. तोवर पांढरपेशा साहित्याच्या दरबारात या कवीची नोंद गीतकार अशी एका ओळीत होत असे, तीही झाली तर.

आणि एक बारकावा, ज्यासाठी आम्ही हा लेख लिहायला बसलो. दादांच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात त्यांचे नाव गुंफलेले असते. संतांच्या अभंगात असते तशी, शाहिरांच्या कवनात असते तशी वामन ही नाममुद्रा. ज्याच्याकडे पुस्तक नव्हते, छापखाना नव्हता, स्वामित्व हक्काचा कागद नव्हता, त्याने आपली सही गाण्यातच करून ठेवली. गाणे कोणीही गावे, कुठेही गावे, शेवटी कवीचे नाव निघणारच! पण आज कार्यक्रमात काय होते? एक मुखडा, फार तर एक कडवे, की लगेच पुढचे गाणे. मेडली म्हणतात त्याला. शेवटचे कडवे येतच नाही. म्हणजे नेमकी सही असलेली पट्टी फाडून टाकायची आणि बाकीचा कागद वापरायचा. आम्ही पाहिलेल्या चार कार्यक्रमांपैकी एकातही दादांचे गाणे शेवटपर्यंत झाले नाही. निवेदकाने कवीचे नाव सांगितले, तेही एकदाच.

याचा दोष एकट्या गायकावर टाकणे अन्यायाचे होईल. गायकाचीही बाजू आहे. पूर्वीचा सामना रात्री जेवणे उरकल्यावर सुरू व्हायचा आणि कोंबडा आरवेपर्यंत चालायचा. श्रवण यशवंते, लक्ष्मण राजगुरू, गोविंद म्हशीलकर, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या पिढीने अशा रात्री जागवल्या. एका पार्टीने प्रश्न टाकायचा, दुसरीने गाण्यातच उत्तर द्यायचे. अशा रात्रीला दहा गाणी पुरत नाहीत. तिथे नवे गाणे लागते, त्या गावचे लागते, कालच्या घटनेचे लागते, नाहीतर समोरची पार्टी उघडे पाडते. मग सन २००० मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत. नियम चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही, म्हातारी माणसे आणि परीक्षेची मुले आमच्याही घरात आहेत. पण सातचा कार्यक्रम साडेआठला सुरू होतो. मग सत्कार. मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार! साडेनऊला गायकाच्या हातात माईक येतो आणि दहाला पोलीस मंडपाबाहेर उभे राहतात. अर्ध्या तासात तो बिचारा लोकांना पाठ असलेले मुखडेच म्हणणार. नवे गाणे ऐकवून मंडप रिकामा करून घेण्याचा धोका कोण पत्करील?

त्याआधी कॅसेट आली होती. कॅसेटचे उपकार आम्ही नाकारत नाही. जिथे एकही पार्टी पोचली नव्हती, त्या वस्तीत तिने प्रल्हाद शिंदे यांचा आवाज पोचवला. पण कॅसेटवर गाणे एकदाच ठरते. जे कडवे तिच्यात राहिले ते राहिले, बाकीची कडवी गेली. पुढे सीडी, मग मोबाईल, आणि आता वादकांशिवाय वाजणारा ट्रॅक. ट्रॅकला कुठल्या गावात आलो ते कळत नाही. नागपूर असो, महाड असो की देशवंडी, तो तसाच वाजतो.

तिसरे कारण कोणी मोठ्याने बोलत नाही. जे नवे लिहितात आणि नवे गातात, त्यांना बोलावण्याची भीती वाटते. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात आमची दहा माणसे गेली आणि त्या दुःखात शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवले. कबीर कला मंचाच्या कलावंतांनी तुरुंग पाहिला. हे सारे लोकांच्या ध्यानात आहे. मंडळाच्या कार्यकर्त्याला पोलीस ठाण्यातून परवानगी आणायची असते. तो म्हणतो, नको ती कटकट, नेहमीचा ऑर्केस्ट्रा बरा. आम्ही त्याला भेकड म्हणणार नाही. पण खैरलांजी झाली, खर्डा झाले, रोहित वेमुला गेला, उना झाले, भीमा कोरेगावला १ जानेवारी २०१८ ला दगड पडले. यांतल्या कशावरही जयंतीच्या मंडपात एक गाणे होऊ नये? ती गाणी लिहिली गेली आहेत, तरुण शाहीर ती गातात. पण ती सभागृहांत आणि मोर्च्यांत होतात. ज्या वस्तीसाठी ती लिहिली, त्या वस्तीच्या महोत्सवात त्यांना जागा नाही.

काही मित्र आम्हांला सांगतात की, सगळीकडे एकच गाणे होते यात वाईट काय? चंद्रपूरचा माणूस आणि चिपळूणचा माणूस एकाच गाण्यावर उभा राहतो, हीच तर चळवळीची ताकद. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. आम्ही स्वतः ६ डिसेंबरला दादरला हे अनुभवले आहे. अनोळखी बायामाणसे रांगेत एक ओळ उचलतात आणि मागची रांग ती पुढे नेते, तेव्हा अंगावर काटा येतो. ते गाणे एकच राहू द्या. पण चंद्रपूरच्या माणसाचे दुःख आणि चिपळूणच्या माणसाचे दुःख एकच नाही. विदर्भात दंडार आहे, खडी गंमत आहे. कोकणात शक्ती-तुरा आहे. मराठवाड्यातल्या आमच्या आयाबहिणींनी जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या रचल्या. एका पडद्यापुढे एका ट्रॅकवर हे सगळे पुसले जात असेल, तर तिला ताकद म्हणता येत नाही. दादांनी एकाच आयुष्यात दोन्ही केले. सगळ्यांनी म्हणायचे गाणे दिले आणि ज्या गावी गेले त्या गावाचेही दिले.

गाणे ही आमच्यासाठी करमणूक नाही, याची आठवण शत्रूला आमच्यापेक्षा जास्त आहे. मे २०१५ मध्ये शिर्डीत आमच्या एका तरुणाच्या मोबाईलवर भीमगीताची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद झाला आणि त्याचा खून झाला, असे ते प्रकरण. नुसत्या रिंगटोनने ज्यांचे माथे भडकते, त्यांना या गाण्याची धार कळते. आमच्या आयोजकांना ते दोन पाहुण्यांच्या मधले विरंगुळ्याचे गाणे वाटते.

दादांची शेवटची वर्षे नाशिकला गेली. शरीर थकले होते, तरी बोलावणे आले की निघण्याची सवय सुटली नव्हती. १५ मे २००४ ला ते गेले. पुढच्याच महिन्यात प्रल्हाद शिंदे गेले. सव्वा महिन्याच्या अंतराने लिहिणारा हात आणि गाणारा गळा असे दोन्ही समाजाने गमावले. विठ्ठल उमप २०१० च्या नोव्हेंबरात नागपूरला, दीक्षाभूमीवर, भर कार्यक्रमात कोसळले. गाता गाता गेले.

यंदाच्या चार पत्रिकांपैकी एक अजून आमच्यासमोर आहे. आम्ही नावे मोजली. प्रमुख पाहुणे, स्वागताध्यक्ष, सल्लागार, मार्गदर्शक, मंडप, साऊंड, लाईट, सौजन्य धरून एकूण एकसष्ट नावे आहेत. मंडपवाल्याचा तर फोटोही आहे. कवी म्हणून एकाचेही नाव नाही. आम्ही मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला आणि त्यांच्याकडे तीन गोष्टी मागितल्या. प्रत्येक गाण्याआधी कवीचे नाव सांगावे, दादांचे निदान एक गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत व्हावे आणि सत्कारांतला अर्धा तास कापून वस्तीतल्या कोणा मुलामुलीने यंदा लिहिलेले गाणे ऐकावे. अध्यक्ष भला माणूस आहे. पहिल्या दोन गोष्टी त्याने तिथल्या तिथे मान्य केल्या. सत्काराचे मात्र कमिटीत ठेवावे लागेल, म्हणाला. कमिटीची बैठक बुद्ध पौर्णिमेनंतर आहे. आम्ही जाणार आहोत.